रिसेप्शनच्या संगणकावर विंडोज-आर दाबायला सांगितलं तर

सीझन सुरू झाला की कळंगुटपासून पाळोळेपर्यंतच्या गेस्ट हाऊसमध्ये मेलची रीघ लागते. ‘खोलीत ढेकूण होते, फोटो जोडलेत’, ‘पाहुण्याने तक्रार केलीय, आजच उत्तर द्या’ असे खोटे मेल त्या गर्दीतच घुसतात. बुकिंग डॉट कॉमच्या नावाने डिसेंबर 2024 पासून हॉटेलवाल्यांना असे मेल जात असल्याचं मायक्रोसॉफ्टने मार्च 2025 मध्ये जाहीर केलं. त्यात दक्षिण आशियातले हॉटेलवालेही होते.

डाव असा. लिंक दाबली की ‘मी रोबो नाही’ असा चौकोन दिसतो. त्यावर टिचकी मारताच पान गुपचूप एक आज्ञा क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं जिथे राहतं तिथे, ठेवतं. मग सूचना येते: विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, कंट्रोल-व्ही करा, एंटर दाबा. म्हणजे कुठल्या तरी अनोळखी सर्व्हरवरून व्हायरस आणण्याची आज्ञा तुम्ही स्वतःच्या हाताने देता. ती तुम्हीच दिलेली असल्यामुळे अँटीव्हायरस हमखास अडवेलच असं नाही. शिवाय विंडोज-आर दाबल्यावर उघडणारी रन नावाची पट्टी अरुंद. लांबलचक आज्ञेचं फक्त शेपूट दिसतं आणि तिथे मुद्दाम ‘मी रोबो नाही, पडताळणी क्रमांक अमुक’ असं लिहिलेलं असतं. शंका आली तर तेच नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे काही चालू होत नाही. सुरुवातीला ‘पॉवरशेल’ किंवा ‘एमएसएचटीए’ (आज्ञा चालवणारी विंडोजची साधनं) दिसलं की समजायचं. खरा कॅप्चा, म्हणजे ‘मी रोबो नाही’ची चाचणी, ब्राउझरबाहेर कधीच काही करायला लावत नाही.

रिसेप्शनवर रनची गरज कोणाला पडते? विंडोज प्रो असेल तर ग्रुप पॉलिसीत (विंडोजमध्ये काय चालू-बंद ठेवायचं ते ठरवण्याची जागा) युजर कॉन्फिगरेशन, अॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, स्टार्ट मेनू अँड टास्कबार इथे जाऊन ‘रिमूव्ह रन मेनू’ चालू करा. कामगारांना अॅडमिन नसलेलं खातं द्या. त्याने पासवर्ड चोरणं थांबत नाही, पण नासधूस आटोक्यात राहते.

मेलवरचं नाव कोणीही काहीही घालतं, म्हणून नावावर टिचकी मारून मागचा पत्ता बघा. लिंकवर माउस नुसता धरला की ब्राउझरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात पत्ता उमटतो. सुरुवातीची दुहेरी तिरकी रेघ सोडून पहिली एकेरी रेघ शोधा आणि तिथून उजवीकडून डावीकडे वाचा. वीजबिलाच्या मेलमध्ये ‘गोवा डॉट जीओव्ही डॉट इन डॉट बिलपे डॉट टॉप’ असं असेल, तर मालक ‘बिलपे डॉट टॉप’. वीज खात्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

जोडलेल्या फाइलीत फसगत होते ती विंडोज शेवटचं टोक लपवतं म्हणून. ‘वीजबिल.पीडीएफ.ईएक्सई’ ही फाइल ‘वीजबिल.पीडीएफ’ अशी दिसते. विंडोज 11 मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडून व्ह्यू, शो, मग ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा. झिप फाइल आणि तिचा पासवर्ड एकाच मेलमध्ये आला तर फाइल उघडू नका: कुलूप घातलेल्या फाइलीत मेलच्या तपासणीला डोकावता येत नाही, म्हणूनच ते कुलूप. वर्ड किंवा एक्सेलने ‘एनेबल कंटेंट’ विचारलं तर नाही म्हणा. त्याने मॅक्रो, म्हणजे फाइलीत दडलेले छोटे प्रोग्राम, चालू होतात आणि बिल वाचायला ते लागत नाहीत.

पॉप-अपचं वेगळं. पडदाभर लाल इशारा, भोंगा, खाली फोन नंबर. विंडोजच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. चित्रातल्या फुलीला हात लावू नका, तीही पानाचाच भाग असते. एस्केप काही सेकंद दाबून धरा, नाहीतर ऑल्ट-एफ4. तेही चाललं नाही तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप, यादीत ब्राउझर निवडून ‘एंड टास्क’. पुन्हा उघडल्यावर ‘रिस्टोर’ दाबलंत तर तेच पान परत येईल. कोपऱ्यात सारखे इशारे उगवत असतील तर कधीतरी कुठल्याशा साइटला ‘अलाऊ’ म्हटलेलं असतं. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथून ती साइट काढा.

एंटर दाबून झालंच असेल तर आधी वाय-फाय बंद करा, केबल काढा. पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला, पहिला ईमेलचा, कारण बाकीचे त्यातूनच बदलता येतात. त्याच वेळी सगळीकडून लॉगआउट करा: व्हायरसने ब्राउझरच्या कुकीज (तुमचं लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या नोंदी) नेल्या असतील तर नवा पासवर्ड एकटा पुरत नाही. मग विंडोज सिक्युरिटीतून डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावा, साधारण पंधरा मिनिटं लागतात. त्यात काही सापडलं नाही तरी विंडोज नव्याने घालणंच बरं. खात्यातून पैसे गेले असतील तर हे सगळं नंतर. आधी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लावा आणि बँकेला कळवा, रायबंदरच्या सायबर पोलिसांकडे त्यानंतर जा.