१ जूनवाल्यांनी आपली खरी जन्मतारीख कशी शोधावी

शाळेत नाव घालताना गुरुजींनी मला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावला. मी उंच. बोटं थेट पाळीखाली आली. "सात झाली की हिला," म्हणत त्यांनी १ जून १९५४ लिहून टाकलं. आमच्या वर्गात निम्म्याहून जास्त पोरं १ जूनचीच. पुढे मी शिक्षिका झाले आणि, आता कबूल करायला हरकत नाही, काही पोरांना मीही तीच तारीख चिकटवली. आईबापच म्हणायचे, "टाका बाई तुमच्या मनानं."

निवृत्तीनंतर स्वतःची शोधायला घेतली. तुमचीही राहिली असेल तर आधी घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस गाठा. शक्यतो बाईमाणूस, बाळंतिणीच्या खोलीतलं पुरुषांना काय ठाऊक! साल विचारू नका. शेंगा फोडायला घेऊन शेजारी बसा आणि विचारा, पाऊस लागला होता का, कुठला सण तोंडावर होता, घरी कोण नव्हतं. माझी मावशी तेव्हा दहा-अकरा वर्षांची, चुलीवरचं ऊन पाणी आत नेऊन द्यायची. म्हणाली, "आजा तुझा पंढरीला गेल्याला. सांगावा कुणाला धाडायचा? अन् पोरगीच झाली म्हटल्यावर घाई तरी कुणाला हुती?"

आजोबा, म्हणजे वडिलांचे वडील, फलटणकडचे. माउलींची पालखी लोणंदला आली की तिथूनच चालू लागायचे. म्हणजे मी आषाढी एकादशीच्या आगेमागे झाले. साल लागलं पानशेतवरून. धरण फुटलं १२ जुलै १९६१ ला, आणि मावशीच्या हिशेबानं मला तेव्हा "सहा सरून सातवं लागल्यालं". म्हणजे १९५५. घरात जुनी पत्रिका असेल तर शके मिळेल. त्यात ७८ मिळवा, जन्म जानेवारी ते गुढीपाडव्याच्या दरम्यानचा असेल तर ७९.

मग कागद. पूर्वी गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात व्हायची. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज केला की शोधून नक्कल देतात, अर्थात पानं वाळवीतून वाचली असली तर. जुन्या नोंदी मोडी लिपीत असतात, वाचणारा माणूस सोबत न्या. मी फलटणला दोन खेपा फुकट घातल्या. चूक माझीच. पहिलटकरीण माहेरी जाते, तेव्हा नोंद आईच्या गावात! आईचं माहेर माण तालुक्यातलं, म्हणून तालुक्याचं ठिकाण दहिवडी गाठलं.

सापडली. जुलै १९५५ चा पहिला आठवडा. वडिलांचं नाव, जात, आणि माझ्या नावाच्या जागी नुसतं 'मुलगी'. बारशाआधीच नोंद झाली असणार. तरी त्या शब्दावर बोट ठेवून मी बराच वेळ बसले.

दाखल्यावरची तारीख बदलायच्या फंदात पडले नाही. ३१ मे २०१२ लाच निवृत्त झालेली, एक वर्षाची नोकरी गेली ती गेली. पेन्शन, आधार सगळं १ जूनवर बसलंय, ते हलवू नका.

नक्कल मावशीला वाचून दाखवली. ती कधी शाळेत गेली नाही. आधार कार्डावर तिची १ जानेवारी आहे. शेंगा बाजूला सारून म्हणाली, "माझं बी घावंल का गं?"

मी वही काढली. "तुझ्या आईचं माहेर कुठलं?"

माझ्या सख्ख्या आजीचं माहेर, आणि मला ठाऊक नव्हतं.