एक कविता घ्या आणि तिच्या मागे लागा : मराठीच्या विद्यार्थ्यांनी फुकटचं ऑनलाइन ग्रंथालय कसं वापरावं

एम.ए.च्या लघुप्रबंधात मी केशवसुतांच्या ‘तुतारी’तल्या चार ओळी उतरवल्या होत्या. नेटवर जे पान पहिलं उघडलं, तिथूनच. ‘एक तुतारी द्या मज आणूनी’ अशी सुरुवात. सरांनी ‘आणूनी’भोवती लाल गोल केला आणि समासात दोनच शब्द लिहिले : ‘मात्रा मोज.’

मोजल्या. दोन जास्त भरल्या. त्या दोन मात्रांनी मला जे शिकवलं, तेच इथे पायरीपायरीने सांगतो. मराठीच्या विद्यार्थ्याला लागणारं बरंचसं सामान आज घरबसल्या, पैसे न मोजता मिळतं. खोळंबा होतो तो कुठून सुरुवात करायची आणि मिळालेल्यावर किती विश्वास ठेवायचा, इथे.

पायरी १ : गोळा करणं थांबवा

‘पीडीएफ आहे का कुणाकडे?’ हा आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांचा राष्ट्रीय प्रश्न आहे. मोबाइलमध्ये चारशे पुस्तकं साठतात आणि एकाचीही प्रस्तावना वाचून होत नाही. त्यापेक्षा अभ्यासक्रमातली एकच कृती निवडा. एक कविता, एक अभंग, एखादं प्रकरण. मग त्या कृतीला काय काय लागतं, तेवढंच शोधत जा. मी इथे ‘तुतारी’च घेतो. १८९३ची कविता आहे, सगळ्यांच्या कानावरून गेलेली आहे आणि माझं तिच्याशी जुनं भांडणही आहे.

पायरी २ : खात्रीची संहिता मिळवा

कविता ऑनलाइन तीन रूपांत भेटते. कुणीतरी आठवणीतून किंवा कुठूनतरी उतरवून टाइप केलेली. पुस्तकाच्या पानाशी ताडून टाइप केलेली. आणि थेट पुस्तकाच्या पानाचा फोटो. पहिली वाचायला ठीक आहे, उद्धृत करायला नाही.

दुसऱ्या प्रकारासाठी मराठी विकिस्रोत पाहा. तिथल्या बऱ्याच पुस्तकांत एका बाजूला छापील पान आणि दुसऱ्या बाजूला टाइप केलेला मजकूर असतो. पानांच्या क्रमांकांना रंग दिलेले असतात : लाल म्हणजे अजून तपासलेलं नाही, पिवळं म्हणजे एकदा मुद्रितशोधन झालेलं, हिरवं म्हणजे दुसऱ्या माणसानेही तपासलेलं. हिरवं पान दिसलं की निम्मी काळजी मिटली.

तिसऱ्यासाठी इंटरनेट आर्काइव्ह. भारत सरकारच्या डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया प्रकल्पात स्कॅन झालेली हजारो जुनी पुस्तकं तिथे आहेत. पण शोधताना जीव मेटाकुटीला येतो. पुष्कळ मराठी पुस्तकांची नावं तिथे रोमन लिपीत नोंदलेली आहेत आणि तीही अशी की दीर्घ स्वर दोनदा लिहिलेले, मध्येच एखादा अपॉस्ट्रॉफी. म्हणून देवनागरीत नाव टाकून काही आलं नाही तर लगेच ‘नाहीच’ म्हणू नका. लेखकाचं आडनाव रोमनमध्ये टाका, स्पेलिंग दोन-तीन प्रकारे बदलून पाहा, बाजूच्या चाळणीत (फिल्टरमध्ये) भाषा मराठी निवडा. तरीही नाही सापडलं तर प्रकाशनवर्ष टाकून पाहा. केशवसुत १९०५ साली गेले आणि त्यांच्या कवितांचा संग्रह ह. ना. (हरिभाऊ) आपट्यांनी १९१७ साली काढला. एवढं माहीत असलं की कोणत्या काळातल्या आवृत्त्या धुंडाळायच्या, ते ठरतं.

आता हातात दोन पाठ, म्हणजे एकाच मजकुराची दोन रूपं, आले आणि ते जुळेनात, तर काय? गद्य असेल तर छापील पान प्रमाण माना. कविता असेल तर आणखी एक तराजू आहे. ह्रस्व अक्षराची १ मात्रा, दीर्घाची २. जोडाक्षराचा आघात आधीच्या अक्षरावर पडत असेल तर त्या अक्षराच्याही २. करून पाहू :

एक तुतारी द्या मज आणुनि
फुंकिन मी जी स्वप्राणाने
भेदुनि टाकिन सगळी गगने
दीर्घ जिच्या त्या किंकाळीने

पहिली ओळ : ‘एक’ ३, ‘तुतारी’ ५, ‘द्या’ २, ‘मज’ २, ‘आणुनि’ ४. एकूण १६. दुसरी : ‘फुंकिन’ ४, ‘मी’ २, ‘जी’ २, ‘स्वप्राणाने’ ८, कारण ‘प्रा’चा आघात ‘स्व’वर पडतो. पुन्हा १६. तिसऱ्या ओळीतले चारही शब्द चार-चार मात्रांचे. चौथीत ‘जिच्या’मधल्या ‘च्या’चा आघात ‘जि’वर येत नाही (मोठ्याने म्हणून बघा), म्हणून ३ आणि बेरीज १६च. आता ‘आणुनि’च्या जागी ‘आणूनी’ ठेवा. ओळ १८ मात्रांची होते आणि तुतारी पहिल्याच फुंकेला फाटते. ‘आणून’ केलं तर १७. आजच्या शुद्धलेखनाच्या सवयीने कुणीतरी ‘णु’ आणि ‘नि’ दीर्घ केले, दुसऱ्याने तिथूनच उचलले, आणि आता तोच पाठ दहा ठिकाणी दिसतो. दहा ठिकाणी दिसतो म्हणून तो बरोबर ठरत नाही.

जुन्या पुस्तकात ‘स्वप्राणानें’, ‘गगनें’ असे अनुस्वार दिसले तर गोंधळू नका. १९६२च्या लेखननियमांनी ते अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. ती अक्षरं मुळातच दीर्घ आहेत, त्यामुळे मात्रांवर काही परिणाम होत नाही.

पायरी ३ : शब्दाचं वय विचारा

‘किंकाळी’ म्हटलं की आपल्याला भ्यालेलं माणूस आठवतं. तुतारीची किंकाळी कशी असेल? इथे कोश उघडायचा, आणि कवीच्या काळाजवळचा उघडायचा. शिकागो विद्यापीठाच्या ‘दक्षिण आशियाई भाषांचे डिजिटल कोश’ या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ची, म्हणजे केशवसुतांच्या जन्माआधी नऊ वर्षांची. त्यांच्या आजोबांच्या पिढीची मराठी त्यात आहे. त्याच जागी दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आहे. तो १९३२पासून निघू लागला, आणि त्यात शब्द कुठल्या ग्रंथात कसा आलाय याचे दाखले मिळतात. महानुभाव वाङ्मय किंवा ज्ञानेश्वरी अभ्यासाला असेल तर तिथेच तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश आहे. तो छापील विकत घ्यायचा म्हटलं तर विद्यार्थ्याला एका महिन्याची मेस बंद करावी लागेल.

या कोशांत शोधण्याच्या दोन युक्त्या सांगतो. पहिली : मोल्सवर्थमध्ये जुनं लेखन आहे. ‘करणे’ टाकून नोंद सापडली नाही तर ‘करणें’ टाका. ‘नाव’ नाही मिळालं तर ‘नांव’, ‘गाव’ नाही तर ‘गांव’. दुसरी युक्ती मला फार उशिरा कळली. तिथे नुसता मुख्य शब्दच नाही, तर नोंदीतला सगळा मजकूर शोधता येतो. म्हणजे कोश उलटा चालवता येतो. टोपलीचा इंग्रजी शब्द टाका आणि बघा : दुरडी, हारा, पाटी, डालें अशी रांग लागते. ग्रामीण कथेवर लिहिणाऱ्यासाठी ही खाणच आहे. यात एखादी संध्याकाळ कशी गेली ते कळत नाही, तेव्हा परीक्षेच्या आदल्या दिवशी उघडू नका.

घाईत असाल तर ‘बृहद्कोश’ उघडा. पुष्कळ मराठी कोश त्याने एकाच शोधचौकटीत आणले आहेत, जाहिराती नाहीत, आणि मोबाइलवर शिकागोपेक्षा सुटसुटीत चालतो. समीक्षेतल्या पारिभाषिक शब्दांसाठी मात्र भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांकडे जा. साहित्यसमीक्षेचा वेगळा कोश आहे, भाषाविज्ञान व वाङ्मयविद्येचा वेगळा. ‘प्रतिमा’ आणि ‘प्रतीक’ यांची गल्लत करून उत्तरपत्रिकेत गुण घालवणाऱ्यांनी तरी तिथे एकदा चक्कर मारावीच.

पायरी ४ : कवीची ओळख विश्वकोशातून करून घ्या

तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९७६ साली पहिला खंड निघालेला मराठी विश्वकोश पूर्ण ऑनलाइन आहे. नोंदी आटोपशीर आहेत, लिहिणारे त्या त्या विषयातले जाणकार आहेत, आणि नोंदीखाली बहुधा संदर्भग्रंथ दिलेले असतात. खरा माल तो. नोंद वाचून झाली की ती दोन-तीन नावं वहीत उतरवा आणि पायरी २कडे परत जा. केतकरांचा १९२०च्या दशकातला ज्ञानकोशही नेटवर आहे. माहितीसाठी तो जुना झाला, पण तेव्हाचा शिकलेला मराठी माणूस जगाकडे कसा बघत होता हे कळायला फार उपयोगी आहे.

पायरी ५ : शोधगंगेत पोहायला शिका

आधी कुणी काय म्हणून ठेवलंय ते बघायचं तर शोधगंगा, म्हणजे पीएच.डी.च्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ती चालवतं. प्रबंधांची डिजिटल प्रत जमा करण्याचा नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली केला आणि तेव्हापासून साठा वाढतोच आहे.

प्रबंध प्रकरणागणिक सुट्या फायलींत असतात. सगळ्या उतरवू नका. आधी अनुक्रमणिका बघा, मग थेट शेवटची संदर्भसूची उघडा. एखाद्याने चार-पाच वर्षं घालवून जमवलेली पुस्तकांची आणि नियतकालिकांमधल्या लेखांची यादी आयती हातात पडते. त्यानंतर आपल्या विषयाचं प्रकरण. प्रबंधांचा दर्जा वरखाली आहे, काही तर एकमेकांची सावली वाटतात. म्हणून त्यांचं मत घेण्याआधी त्यांनी दिलेलं मूळ अवतरण गाठा.

शोधताना नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये, दोन्हीकडून टाका. आणि एक जुनं दुखणं लक्षात ठेवा : अनेक प्रबंध युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमध्ये आहेत किंवा नुसते स्कॅन आहेत. मजकूर उचलून चिकटवला की मराठीऐवजी प्रश्नचिन्हं आणि कंसांचा पाऊस पडतो. त्यावर उपाय सोपा आहे. हव्या त्या पानाचा फोटो काढा, गूगल ड्राइव्हवर चढवा आणि ‘गूगल डॉक्समध्ये उघडा’ म्हणा. फोटोखाली टाइप केलेला मजकूर येतो. छपाई स्वच्छ असेल तर तो बराचसा बरोबर असतो, पण ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांवर डोळा ठेवा.

पायरी ६ : ऐका

भाषेचा अभ्यास नुसता वाचून होत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं आहे. गावोगावच्या लोकांच्या बोलण्याची ध्वनिमुद्रणं नेटवर ठेवली आहेत. हेडफोन लावा, आधी आपल्या जिल्ह्याचा नमुना ऐका आणि मग दूरच्या जिल्ह्याचा. बोलीभाषेवर टिपण लिहिताना ‘हेल वेगळा आहे’ असं मोघम लिहिण्याऐवजी एखादं क्रियापदाचं रूप नेमकं दाखवता येईल.

व्याख्यानांचं म्हणाल तर केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर नाव नोंदवून शिकणं फुकट आहे, पैसे प्रमाणपत्राच्या परीक्षेला पडतात. ई-पीजी पाठशाला आणि इग्नूचं ई-ग्यानकोश इथे भाषाविज्ञान आणि साहित्यसिद्धान्ताची सामग्री इंग्रजीत चांगली आहे. मराठीतून मात्र हात आखडता आहे. साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कित्येक प्रकाशनं पीडीएफ रूपात मोफत ठेवली आहेत, त्यांची यादी एकदा निवांत चाळा.

पायरी ७ : फुकट आणि चोरीचं, यातला फरक बघा

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क टिकतो, आणि ती साठ वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. केशवसुत, बालकवी, गडकरी, हरिभाऊ आपटे सगळे कधीच मोकळे झाले. मर्ढेकर १९५६ साली गेले, म्हणून २०१७पासून मोकळे. खांडेकर १९७६ साली गेले, म्हणजे २०३६ संपेपर्यंत हक्क शाबूत. टेलिग्रामवर मिळणारी त्यांची पीडीएफ ‘ई-बुक’ नव्हे. एक खोच : मूळ कविता मोकळी असली तरी तिच्यावर अलीकडच्या संपादकाने लिहिलेली प्रस्तावना आणि टिपा मोकळ्या असतीलच असं नाही.

पायरी ८ : नोंद त्याच क्षणी करा

लेखक, पुस्तक, आवृत्ती, वर्ष, पृष्ठ, कुठे पाहिलं, कधी पाहिलं. सात रकाने, एक वही किंवा एक गूगल शीट. पान सापडताच भरायचे. ‘नंतर लिहू’ म्हटलेली पानं मला कधीच परत सापडली नाहीत. पृष्ठक्रमांक छापील पानावरचा घ्या. पीडीएफमध्ये मुखपृष्ठ, कोरी पानं, प्रस्तावना सगळं मोजलं जातं, त्यामुळे पडद्यावर ४५ दिसतं तेव्हा कागदावर २९ असू शकतं. तळटीपेत नुसता लांबलचक दुवा चिकटवू नका. संदर्भ पुस्तकाचा द्यायचा, दुवा त्याच्या शेपटाला.

माझ्या लघुप्रबंधाची दुसरी प्रत मी अशाच तळटिपा लावून नेली होती. सरांनी ‘तुतारी’चं पान काढलं, बोटांवर सोळा मोजले आणि पान उलटलं.