माध्यमसंस्थांमधील इलेक्ट्रॉनिक नेतृत्वाबद्दल प्राध्यापकांची मते कशी अभ्यासावीत?

इलेक्ट्रॉनिक नेतृत्व म्हणजे संगणक सफाईने वापरणारा प्रमुख नव्हे, हे प्रश्नावली लिहायला घेण्यापूर्वीच स्वतःशी पक्के करावे. ब्रूस अवोलिओ, सुरिंदर कहाई आणि जॉर्ज डॉज यांनी २००० च्या सुमारास ही संकल्पना मांडली, तेव्हा त्यांचा भर तंत्रज्ञानामार्फत माणसांच्या विचारांवर, वागण्यावर आणि कामगिरीवर पडणाऱ्या प्रभावावर होता. म्हणून वृत्तकक्षात कोणती प्रणाली बसवली आहे यापेक्षा संपादक त्या प्रणालीतून निर्णय कसे कळवतो, चूक झाल्यास जबाबदारी कोण घेते आणि दूरवरच्या बातमीदाराचे म्हणणे ऐकले जाते का, हे विचारावे.

खरी अडचण पुढे येते. विद्यापीठातील प्राध्यापक बहुधा माध्यमसंस्थेच्या बाहेर असतात. प्रशिक्षणार्थी म्हणून जाऊन आलेले विद्यार्थी, माजी विद्यार्थी किंवा व्याख्यानाला येणारे पत्रकार यांच्याकडूनच त्यांना आतले कळते. त्यामुळे प्रश्नावलीच्या पहिल्या भागात वय आणि पद यांसोबत माध्यमसंस्थेशी आलेल्या संबंधाचे स्वरूप अवश्य नोंदवावे. पूर्वी वृत्तकक्षात काम केलेल्या आणि कधीच न केलेल्या प्राध्यापकांची उत्तरे एकाच सरासरीत मिसळणे मला तरी गैर वाटते.

प्राध्यापकांनी सहमती-असहमती नोंदवायची विधाने लिहिताना हात आखडता ठेवावा. ‘प्रमुख डिजिटल साधने प्रभावीपणे वापरतात व कर्मचाऱ्यांना प्रोत्साहन देतात’ या एका विधानात दोन प्रश्न दडले आहेत, आणि प्रोत्साहन तर बाहेरच्याला दिसतच नाही. त्याऐवजी ‘माझ्या विद्यार्थ्यांना प्रशिक्षणकाळात कामाच्या सूचना ऑनलाइन आणि वेळेवर मिळाल्या’ असे लिहून पाहिले, तरी ‘ऑनलाइन’ आणि ‘वेळेवर’ पुन्हा वेगळे करावे लागतात! रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेली ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशी पाच पायऱ्यांची श्रेणी येथे सोयीची आहे. मात्र ‘तटस्थ’ ही मधली पायरी अज्ञान लपवण्याची जागा ठरू नये, म्हणून ‘सांगता येत नाही’ हा पर्याय श्रेणीबाहेर स्वतंत्र द्यावा.

थोड्या प्राध्यापकांवर घेतलेल्या चाचणी फेरीनंतर क्रोनबाख अल्फा, म्हणजे विधानांची उत्तरे एकमेकांशी किती सुसंगत आहेत हे दाखवणारा आकडा, काढावा. तो ०.७० च्या वर असणे साधारणपणे पुरेसे मानतात, पण विधानांची संख्या वाढवली की तो आपोआप फुगतो, तेव्हा एकच विधान चार प्रकारे लिहून तो वाढवू नये.

विश्लेषणात ‘सांगता येत नाही’ ही उत्तरे वगळून न टाकता प्रत्येक विधानापुढे त्यांची संख्या छापावी. ती जेथे सर्वाधिक दिसते, तेथूनच मुलाखतींचे प्रश्न काढावेत.