निवाऱ्यातील भित्रे कुत्रे घरी आणण्यापूर्वी

निवाऱ्यातून कुत्रे आणायचे ठरले की बहुतेक घरांत आधी पट्टा आणि भांडी विकत घेतली जातात. माझ्या मते सर्वांत आधी दिवस ठरवावा. सांगली परिसरात गणपतीच्या मिरवणुकांतील ढोल आणि डॉल्बी, दसऱ्याला कवठे एकंदची आतषबाजी आणि पाठोपाठ दिवाळीचे फटाके येतात, आणि हा सारा काळ भित्र्या कुत्र्याला फार जड जातो. म्हणून शक्यतो दिवाळी उलटल्यावर, आणि घरातील एक तरी माणूस आठवडाभर घरी असेल अशा बेताने त्याला आणावे.

निवाऱ्यात जाताना वही बरोबर न्यावी. ते काय आणि कधी खाते, काठी, झाडू, हेल्मेट घातलेला माणूस किंवा लहान मुले यांपैकी कशाला बिचकते, नसबंदी झाली आहे का, रेबीजची लस आणि जंताचे औषध शेवटचे कधी दिले, हे लिहून घ्यावे व लसीकरणाचे कार्ड मागून घ्यावे. ते ज्या कापडावर झोपत असे त्याचा तुकडा न धुता आणावा, कारण नव्या घरात ओळखीचा वास तेवढाच असतो.

त्याची जागा ते येण्याआधी तयार हवी. जिन्याखालची किंवा कॉटखालची, दारापासून आणि मिक्सरपासून दूर असलेली जागा निवडून तिथे जुनी गोधडी व जवळच पाणी ठेवावे. त्या कोपऱ्यात कोणीही हात घालायचा नाही आणि त्याला ओढून बाहेर काढायचे नाही, हे घरातील सर्वांनी, पाहुण्यांनीसुद्धा, पाळावे. अंगणात साखळीने बांधून ठेवू नये. भीती वाटली तरी दूर जाता येत नाही असे कळले की कुत्रे गुरगुरते आणि शेवटी चावते.

सर्वाधिक काळजी पळून जाण्याची घ्यावी. फाटकाच्या गजांमधील फट बुजवावी, कंपाउंडच्या भिंतीलगतची पिंपे आणि विटा हलवाव्यात, गच्चीचे दार बंद राहील असे पाहावे. घाबरलेले कुत्रे मागे सरकून गळपट्ट्यातून मान सहज काढून घेते, म्हणून छातीभोवती बसणारा हार्नेस घ्यावा, फिरवताना गळपट्टा आणि हार्नेस दोन्हींना दोर लावावा, आणि गळपट्ट्यावर आपला मोबाइल क्रमांक लिहावा. गाडीतून उतरवताना आणि दूधवाल्यासाठी दार उघडताना हात दोरावरच असावा. दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू होतो आणि मोठ्याने गाणी लावलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर येतात. तेव्हा पहाटेची शांत गल्लीच फिरायला बरी.

खाणे पहिल्या आठवड्यात निवाऱ्यातलेच द्यावे आणि बदल हळूहळू करावा. पहिल्या दिवशी ते जेवले नाही तरी आग्रह करू नये. आपल्या भागात एक धोका विशेष आहे: सांगली-तासगावकडे घरोघरी बेदाणे असतात, आणि द्राक्षे किंवा बेदाणे खाल्ल्याने कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्यावर अपाय होईल याचा नेम नसतो, म्हणून डबे उंचावर ठेवावेत आणि प्रसादाचा शिराही देऊ नये. कांदा, लसूण, चॉकलेट, शिजवलेली हाडे आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही त्याला वर्ज्य आहेत.

रुळण्याचा ढोबळ आडाखा असा सांगतात की पहिले ३ दिवस बावरण्याचे, ३ आठवडे घराची रीत कळण्याचे आणि ३ महिने विश्वास बसण्याचे; काही कुत्र्यांना याहून अधिक वेळ लागतो आणि तो द्यावा. या काळात त्याच्याकडे तोंड करून वाकू नये, मिठी मारू नये, अंघोळीची घाई करू नये. थोडे अंतर ठेवून, तिरके, जमिनीवर बसावे आणि खाऊ त्याच्या दिशेने टाकावा. ते जांभई देत असेल, ओठ चाटत असेल किंवा मान फिरवत असेल तर ते अस्वस्थ असू शकते, तेव्हा आपण मागे सरावे. ही खूण मुलांनाही शिकवावी. एकटे राहण्याची सवय आधी दोन मिनिटे, मग पाच, अशी लावावी.

पशुवैद्य आधीच ठरवून त्यांचा क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवावा. कुत्रे दोन दिवस काहीच खात नसेल, दिवसभर लघवी करत नसेल, उलट्या होत असतील, किंवा गोचिडांमुळे येणाऱ्या तापाप्रमाणे मलूल होऊन हिरड्या फिकट पडल्या असतील, तर ते नुसते घाबरले आहे असे समजून थांबू नये, त्याच दिवशी दाखवावे.