बातमीतला माणूस दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटतो

माझ्या पहिल्या बातमीची पहिली ओळ मला अजून पाठ आहे. 'विद्यार्थी प्रतिनिधी मंडळाची वार्षिक बैठक मान्यवरांच्या उपस्थितीत मोठ्या उत्साहात संपन्न झाली.' लिहून मी खूश होते. आमच्या विद्यार्थी वृत्तपत्राची संपादक म्हणजे माझ्यापेक्षा दोन वर्षं पुढची एक मुलगी. तिने कॉपी वाचली, पेन्सिलने सहा परिच्छेदांवर उभी रेघ मारली आणि सातव्याभोवती गोल केला. दुरुस्तीसाठी अभ्यासिका तीन आठवडे बंद राहणार असल्याचं मी तिथे जाता जाता लिहिलं होतं. ते तीन आठवडे नेमके परीक्षेच्या आधीचे. "बातमी ही आहे," ती म्हणाली, "आणि उत्साह कुणी मोजला होता?"

उलटा पिरॅमिड वर्गातही शिकवतात: सगळ्यांत महत्त्वाचं वर, बाकीचं उतरत्या क्रमाने. आकृती काढली की मार्क मिळतात. मला तो पान लावताना कळला. ऐनवेळी जाहिरात आली आणि माझ्या बातमीचे शेवटचे दोन परिच्छेद उडाले. कापणाऱ्याने ते वाचलेसुद्धा नाहीत, वाचायला वेळच नव्हता.

विद्यार्थी वृत्तपत्रात राबावं की सरळ एखाद्या मोठ्या दैनिकात इंटर्नशिप धरावी, असं नवी मुलं विचारतात. इंटर्नशिप जरूर करा. पण तिथे पुष्कळदा हातात प्रेसनोट येते आणि ती नीटनेटकी करून देणं एवढंच काम असतं. इथे विषय शोधण्यापासून छापून आल्यावर बोलणी खाण्यापर्यंत सगळं तुमचंच. शिवाय ज्याच्याबद्दल लिहिलं, तो माणूस दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटतो. मोठ्या दैनिकाचा वाचक लांब असतो, त्याचं तोंड दिसत नाही. इथे दिसतं.

मला ते फारच जवळून दिसलं. परीक्षेतल्या गैरप्रकाराबद्दल तिघांवर कारवाई झाली होती आणि यादी नोटीस बोर्डावर लागली होती. मी नावं उतरवून घेतली. वर्ग आणि शाखा गाळली, कारण ओळ लांबत होती. अंक वाटून झाला त्या दुपारी एक मुलगा आमच्या खोलीच्या दारात उभा राहिला. हातात घडी घातलेला अंक. नाव तेच, आडनाव तेच, शाखा वेगळी. "हा मी नाही," तो म्हणाला. "पण सकाळपासून अकरा जणांनी विचारलं." ओरडला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या अंकातला खुलासा मलाच लिहायला लावला. मी सुरुवात केली, 'अनवधानाने...' संपादकाने तो शब्द खोडला. अनवधान कसलं? शाखा माहीत होती, लिहिली नाही, एवढंच. शेवटी खुलासा चार ओळींचा झाला आणि मूळ बातमीच्याच पानावर, तिच्याच जागी गेला. खरा प्रश्न तिने नंतर विचारला: तिघांची नावं छापायची गरज तरी होती का? 'बोर्डावर होती म्हणून' हे माझं उत्तर तिने मान्य केलं नाही. आज मलाही ते पटत नाही.

तेव्हापासून मी कुणाचं नाव स्वतः लिहीत नाही. वही पुढे करते आणि म्हणते, तुम्हीच लिहा, हुद्द्यासकट.

आकड्यांचं असंच. निकाल ८० टक्क्यांवरून ७२ टक्क्यांवर आला, तर 'निकालात ८ टक्के घट' लिहायला हात शिवशिवतो. घट ८ टक्केबिंदूंची आहे. टक्केवारीत काढली तर १० टक्के. गोंधळ टाळायचा तर दोन्ही आकडे द्या, '८० वरून ७२ टक्क्यांवर', आणि मोकळे व्हा. 'ऑफ द रेकॉर्ड' ही बोलण्याआधी दोघांनी ठरवायची गोष्ट आहे. बोलून झाल्यावर समोरचा 'हे छापू नका हं' म्हणाला, तर तुम्ही आपोआप बांधले जात नाही. पण तो पहिल्या वर्षाचा घाबरलेला विद्यार्थी असेल, तर मी त्याच्या बाजूने विचार करते. कुलगुरू असतील तर नाही.

दुसरी बाजू घेणं म्हणजे छपाईच्या तासभर आधी फोन करून 'संपर्क होऊ शकला नाही' लिहिणं नव्हे. अमेरिकेतलं हेझलवूड प्रकरण विद्यार्थी पत्रकारांनी वाचावं. १९८३ मध्ये एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी विद्यार्थी वृत्तपत्राची दोन पानं काढून टाकली. विषय होते किशोरवयीन गर्भारपण आणि आईवडिलांचा घटस्फोट. १९८८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बाजूने निकाल दिला. घटस्फोटाच्या लेखात वडिलांवर टीका होती आणि पालकांना आपली बाजू मांडायची संधी मिळाली नव्हती, हाही मुख्याध्यापकांचा एक आक्षेप होता. मला तो निकाल पटत नाही. तरी तो आक्षेप संपादकानेच आधी घ्यायला हवा होता, असंही वाटतं. आणि आणखी एक: आपल्या वृत्तपत्राचा खर्च कोण करतं आणि छापण्याआधी पान कोण बघतं, हे सामील होतानाच विचारून घ्या.

विद्यार्थ्यांच्या बातमीने काय होतं, असं म्हणणाऱ्यांना मी स्टॅनफर्डचं उदाहरण देते. तिथल्या 'द स्टॅनफर्ड डेली'त २०२२ च्या अखेरीस थिओ बेकर या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने लिहायला सुरुवात केली. विद्यापीठाचे अध्यक्ष मार्क टेसिए-लव्हीन यांचं नाव असलेल्या शोधनिबंधांमधल्या चित्रांवर घेतलेल्या शंकांबद्दल त्या बातम्या होत्या. चौकशी बसली आणि जुलै २०२३ मध्ये अध्यक्षांनी राजीनामा जाहीर केला. चौकशी समितीला त्यांनी स्वतः फेरफार केल्याचं आढळलं नाही. चुका वेळेवर दुरुस्त न केल्याचा ठपका मात्र आला. मला यात आवडतं ते वेगळंच. त्यातल्या काही शंका कित्येक वर्षं इंटरनेटवर सगळ्यांसमोर पडून होत्या. त्या घेऊन जाणकारांकडे जाणं, एकेक चित्र तपासून घेणं, हे काम कुणीतरी करायचं होतं.

विद्यार्थी वृत्तपत्र सगळं शिकवत नाही. दैनिकात गेले तेव्हा माझा वेग निम्मा होता. पहिल्याच आठवड्यात एका दिवसात चार बातम्या द्यायच्या होत्या आणि मी पहिलीच्या मथळ्यावर अडून बसले होते. मित्राच्या नाटकाचं परीक्षण लिहिण्याची सवयही तिथे सोडावी लागली. ती आधीच सोडायला हवी होती.

नोकरीच्या मुलाखतीला जाताना बायलाइनच्या, म्हणजे तुमच्या नावाने छापून आलेल्या बातम्यांच्या, कात्रणांची जाडजूड फाइल नेऊ नका. एकाच विषयाच्या तीन बातम्या न्या: पहिली, तिचा फॉलोअप आणि त्याचाही फॉलोअप. सोबत एखादी मूळ कॉपी आणि तिची संपादित प्रत. मी अभ्यासिकेची नेली होती, पेन्सिलच्या रेघांसकट. समोरच्या वृत्तसंपादकांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "मग अभ्यासिका उघडली का?"

उघडली होती, नऊ दिवस उशिरा. तीही बातमी फाइलमध्ये होती.