शिगमो यायच्या आत कोंबड्यांच्या पाण्याची तयारी

हिमाचल-लडाखकडे कोंबड्या पाळणाऱ्यांना हिवाळ्यात भांड्यातलं पाणी गोठण्याची धास्ती असते. आपल्याकडे गोव्यात उलटं. मार्च ते मे पाणी एवढं तापतं की कोंबडी चोच बुडवते आणि बाजूला होते. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडी ठेवून धापा टाकत अंगातली उष्णता घालवते आणि त्यात पाणीच खर्च होतं. म्हणून बादलीला निपल (कोंबडीने टोचलं की थेंब सोडणारी छोटी तोटी) लावून पाण्याचं भांडं बनवायचं काम शिगमोच्या आधी उरकून घ्या.

पहिला हिशेब पाण्याचा. मोठी कोंबडी एरवी दिवसाला पाव लिटर पिते, कडक उन्हात अर्ध्या लिटरपर्यंत जाते. १२ कोंबड्यांना ६ लिटर धरा आणि झाकणाची १५ लिटरची बादली घ्या. खाद्यतेलाची असेल तर साबणाच्या गरम पाण्याने दोनदा धुवा. रंगाची किंवा कीटकनाशकाची बादली कितीही घासली तरी नको. पारदर्शकही नको, उजेड आत गेला की आठवड्यात हिरवं शेवाळ धरतं.

निपल आडवे घ्या, बाजूला बसणारे. उभे निपल बुडाला बसतात आणि सगळा गाळ त्यांच्यातच उतरतो. डिचोली, सत्तरीकडच्या लोहाच्या लालसर पाण्याला तर ते टिकतच नाहीत. तीन-चार कोंबड्यांमागे १ म्हणजे १२ जणींना ४ निपल पुरतात, पण ते बादलीच्या चारी बाजूंना लावा, नाहीतर एखादी दांडगी कोंबडी सगळी जागा अडवते. बुडापासून ३ सेंमीवर खूण करा. भोकाचं माप पाकिटावर असतं, बहुतेक आट्यांच्या निपलना ९ मिमी लागतं. आतून लाकडाचा ठोकळा टेकवा आणि ड्रिल हळू फिरवा, घाई केली की प्लास्टिक तडकतं. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे ३-४ वेढे द्या, वॉशर घाला आणि हाताने आवळा. पान्याने शेवटचा अर्धा फेरा पुरे. जास्त पिळलं तर भोकाची कड फाटते.

झाकणाला कडेला ३ मिमीचं भोक हवंच. हे राहून गेलं तर पाणी खाली जाईल तशी आत पोकळी होते आणि निपल थांबतो. मग माणसं निपल काढून साफ करत बसतात. झाकण उघडताच पाणी यायला लागलं तर निपलमध्ये दोष नाही, समजून घ्या.

बादली भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा आणि सकाळी कागद बघा. सेकंदाला एकच थेंब गळत असला तरी दिवसाला चार लिटरांवर पाणी जातं, आणि खालचं तूस भिजून अमोनियाचा वास उठतो.

टांगायची जागा आंब्या-फणसाच्या गडद सावलीत किंवा छपराखाली, दुपारी दोनला स्वतः जाऊन पाहा. सुंभ ओला झाला की उंची बदलते. साखळी आणि एस हुक लावा. निपल कोंबडीच्या डोळ्यांच्या किंचित वर असावा, मान जराशी उंचावून तिने पाणी घ्यावं. वेगवेगळ्या वयाची पाखरं एकत्र असतील तर बुटक्यांसाठी एक चिरा पायाखाली ठेवा. लहान पिल्लांना वेगळी उथळ थाळी द्या, त्यात खडे घाला, म्हणजे बुडणार नाहीत.

उघड्या भांड्याची सवय असलेल्या कोंबड्यांना निपल कळायला चार दिवस लागतात. बोटाने टिचकी मारा. टोकाला थेंब चमकला की एखादी येऊन टोचतेच, बाकीच्या बघून शिकतात. बादलीत पातळीची खूण करा, पाणी उतरत असल्याची खात्री होईपर्यंत जुनं भांडं उचलू नका.

काळ्या टाकीचं दुपारचं पाणी देऊ नका. विहिरीचं पाणी सकाळी काढून रात्रभर साठवलेल्या पाण्याऐवजी ते भरा. लालसर असेल तर मात्र आदल्या रात्री निवळत ठेवून वरचं फडक्यातून गाळा. मातीचं भांडं किनाऱ्याच्या दमट हवेत फारसं गार होत नाही, त्यावर विसंबू नका. त्यापेक्षा एक लिटरची बाटली पाऊण भरून फ्रीजरमध्ये ठेवा (बर्फ फुगतो, पूर्ण भरली तर फुटते) आणि अकरा-बाराला बादलीत सोडा. दहा लिटर पाणी सहा-सात अंशांनी उतरतं.

आठवड्याला बादली ब्रशने घासा. निर्जंतुकीसाठी सुगंध न घातलेलं ५ टक्क्यांचं क्लोरीन द्रावण १५ लिटरला १ मिली, सिरिंजने मोजून. लासोटासारखी (राणीखेत रोगाची) जिवंत लस पाण्यातून द्यायची असेल तर दोन दिवस आधीपासून क्लोरीन बंद, कारण त्याने लस मरते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येईल, त्याआधी बादली छपराच्या आत, पागोळ्यांपासून हातभर दूर घ्या आणि वॉशर बदला.