न विकलेली नाणी किती दिवस ठेवायची?

जुन्या नाण्यांच्या धंद्यात नव्या माणसाचं भांडवल बहुतेक वेळा डब्यात पडून राहिलेल्या मालात अडकतं. समजा, शेकडा दोन टक्के महिन्याने पैसे उचलून 1,000 रुपयांचं नाणं घेतलं. वर्षभराने ते 1,300 ला गेलं तर नफा 300 दिसतो. पण 240 रुपये व्याजात गेले, वर रजिस्टर पोस्टाचा खर्च. दुसऱ्या वर्षी तर घरचेच जातात. म्हणून नाणं पाकिटात घालण्याआधी ते ज्यात बसवतो त्या कागदाच्या चौकटीवर पेन्सिलने दोन गोष्टी लिहा: खरेदीची तारीख आणि पडलेली किंमत. हे नसेल तर कोणता माल म्हातारा झाला हे कळतच नाही.

मुदत सगळ्या मालाला एक नसते. राणीछाप आणि राजाछाप रुपया हा सगळ्यात सोपा माल. 1939 पर्यंतचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅम, आणि त्यात शुद्ध चांदी सुमारे 10.69 ग्रॅम. ग्राहक नाही मिळालं तर सराफ आहेच. मात्र 1940 ते 1945 च्या रुपयात चांदी निम्मीच, 5.83 ग्रॅम, तो पूर्ण चांदीच्या भावाने घेतला तर कितीही थांबून तूट भरत नाही. आणि 1947 चा वाघाचा रुपया निकेलचा असतो, चुंबकाला चिकटतो. हा फरक गावाकडच्या आजीला माहीत नसतो, तुम्हाला असायलाच हवा.

1918 सारखी भरपूर निघालेली सालं खरेदीच्या भावापेक्षा थोडी वर मिळाली की सोडून द्या. आपल्याकडे हंगामाचं गणित पक्कं आहे. जून महिन्यात बी-खतासाठी घराघरातली चांदी बाहेर निघते, तेव्हा माल स्वस्त. सोयाबीन-कापसाचा पैसा हाती येतो त्याच सुमारास धनत्रयोदशी, लक्ष्मीपूजन आणि पुढे लग्नसराई. तेव्हा हेच रुपये पूजेसाठी मागून नेले जातात. जूनचा माल दिवाळीपर्यंत ठेवावा, फार तर फेब्रुवारीपर्यंत. पुढचा जून आला तरी तोच माल डब्यात असेल तर तो चांदीच्या भावाने सराफाला द्या आणि रोकड नव्या खरेदीला मोकळी करा. यात हळहळ करू नये.

दुर्मीळ नाण्याचं वेगळं. 1911 चा पंचम जॉर्जचा रुपया (झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून तक्रार झाली, पुढच्या वर्षी नक्षी बदलली) आर्वीत किंवा पुसदच्या आठवडी बाजारात मांडून खपणार नाही. त्याचा घेणारा नागपूर, पुणे, मुंबईच्या नाणे-प्रदर्शनात भेटतो. असं नाणं किती महिने झाले यापेक्षा किती जाणकारांनी हातात घेऊन पाहिलं, हे मोजा. दहा जणांनी पाहून ठेवून दिलं तर भाव चुकला आहे. दहा टक्के उतरवा. कोणी पाहिलंच नसेल तर भावाला दोष देऊ नका. दोन-तीन वर्षं थांबायला हरकत नाही, पण फक्त स्वतःच्या पैशावर आणि भांडवलाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त नाही. 1939 चा रुपया तर आधी जाणकाराकडून तपासूनच घ्या. सालाचा आकडा बदललेले नकली फार फिरतात.

वैष्णोदेवीच्या पाच-दहा रुपयांच्या नाण्याला लाखो मिळतात, असं सांगणारे मोबाइलवर रोज भेटतात. त्या आशेने एकही नाणं साठवू नका. रिझर्व्ह बँकेने स्वतःच्या नावाने होणाऱ्या असल्या फसवणुकीबद्दल 2021 मध्येच सावध केलं होतं.

नांगराला लागलेला हंडा ठेवायचा किती दिवस, हा प्रश्नच नाही. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचं जमिनीत सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला 1939 मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला होता. असा ऐवज शेतकऱ्याने आणला तर खरेदी करू नका, तहसीलचा रस्ता दाखवा. शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांचा व्यापार करायचा तर 1972 चा पुरावशेष (प्राचीन वस्तूंचा) कायदा परवान्याबद्दल काय म्हणतो तेही आधी समजून घ्या.

थांबण्याची मुदत ठरली तरी माल टिकला पाहिजे. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात नाण्यावर हिरवट चिकट थर येतो, आपल्या उन्हाळ्यात तर लवकरच. मायलारची (पॉलिएस्टर प्लास्टिकची) पाकिटं वापरा. रबर बँड गुंडाळू नका. त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, रंग बदलला की बदला. भोकाच्या पैशासारखा तांब्याचा माल वेगळ्या डब्यात असू द्या. चिंच, लिंबू, पितांबरी यांनी घासलेलं नाणं चकचकीत दिसतं, पण संग्राहक त्याला हात लावत नाही; मग वर्षभर थांबूनही ते शेवटी मोडीतच द्यावं लागतं.